जुन्या वाड्यातले उंदीर: भिंत, माळा आणि आळी

मागच्या मे महिन्यात आमच्या माजघराची एक भिंत उघडली. मिस्त्रींनी थापीच्या दांड्यानं खालून वर ठोकत नेलं. कमरेपर्यंत आवाज भरीव येत होता, त्याच्या वरचा हातभर पट्टा मात्र बद्द वाजत होता. "इथं पोकळ आहे बघा," म्हणाले आणि सिमेंटच्या गिलाव्यात छिन्नी घातली. मोठा पापुद्रा सुटून पडला, आणि त्याच्यामागून गोधडीचा कापूस, पंचांगाची कुरतडलेली पानं, शेंगांची टरफलं आणि हळकुंडाचे दोन तुकडे खाली आले. भिंतीत आडवा बोगदा होता आणि तो थेट कडीपाटापर्यंत, म्हणजे लाकडी छतापर्यंत, गेला होता.

तो सिमेंटचा गिलावा आम्हीच बारा वर्षांपूर्वी करून घेतला होता, भिंत मजबूत व्हावी म्हणून. मातीची भिंत ओल घेते आणि सोडते. तिच्यावर सिमेंट चढवलं की आतली ओल आत अडकते, माती भुसभुशीत होते आणि गिलावा भिंतीपासून सुटतो. बाहेरून सगळं ठीक दिसतं, पण मध्ये बोटभर फट तयार झालेली असते. उंदराला भिंत पोखरायचे कष्टही पडत नाहीत. या बारा वर्षांत आम्ही किती पिंजरे लावले आणि किती औषध घातलं याचा हिशोब नाही. उंदरांना घर आम्हीच बांधून दिलेलं होतं, म्हणून गेलेल्यांची जागा नवे घेत राहिले.

माझं म्हणणं एवढंच आहे की जुन्या घरातला उंदीर हा आधी बांधकामाचा प्रश्न आहे, मग अन्नाचा. मारण्याचा नंबर शेवटचा. आपण नेहमी उलट्या टोकाकडून सुरुवात करतो.

आमची वाई कृष्णेच्या काठावर आहे. गंगापुरी, मधली आळी, गणपती आळी, ब्राह्मणशाही, रामडोह अशा आळ्या नदीला समांतर वसल्या आहेत, आणि प्रत्येक आळीचा घाट वेगळा. नदी वर येणार हे इथल्या जुन्या लोकांनी धरूनच बांधकामं केली. रास्त्यांनी १७६२ च्या सुमारास बांधलेल्या ढोल्या गणपतीच्या देवळाची मागची भिंत माशाच्या आकाराची आहे, पुराचं पाणी दोन्ही अंगांनी फाकून जावं म्हणून. वाड्यांची जोती काळ्या दगडाची आणि उंच, वर मातीच्या किंवा विटांच्या भिंती, लाकडी खांब आणि तुळया, कडीपाट किंवा किलचणीवर (वाशांवर अंथरलेल्या लाकडी काटक्यांवर) मातीचं सपाट छप्पर म्हणजे माळवद, नाहीतर कौलं. शेजारच्या दोन वाड्यांत बहुतेक ठिकाणी भिंत एकच. अशा घराच्या पोटात किती पोकळ्या असतात ते राहणाऱ्यालाही माहीत नसतं.

आधी घरात कोण आहे ते ओळखायला हवं, कारण आपण ज्याला सरसकट उंदीर म्हणतो ते तीन वेगळे प्राणी आहेत आणि प्रत्येकाचा बंदोबस्त वेगळा.

माळ्यावर रात्री धावतो तो काळा उंदीर. अंगानं सडपातळ, कान मोठे, शेपूट अंगापेक्षा लांब. तो उत्तम चढतो. वासे, तुळया, केबलच्या तारा, अंगणातल्या आंब्याची फांदी हे सगळे त्याचे रस्ते. जमिनीवर ठेवलेल्या पिंजऱ्यात तो महिनोन्महिने सापडत नाही, कारण तो खाली येतोच कमी. त्याची लेंडी साधारण सेंटिमीटरभर लांब, दोन्ही टोकांना निमुळती. ज्या तुळईवरून तो रोज जातो तिच्यावर अंगाच्या तेलानं काळपट, चकचकीत पट्टा उमटतो. दुपारी उन्हाची तिरीप माळ्यावर येते तेव्हा तो पट्टा शोधा, कारण सापळा तिथंच लावायचा आहे.

दुसरी घूस. जड, आखूड तोंडाची, शेपूट अंगापेक्षा कमी. घूस चढत नाही, खणते. परसात, मोरीच्या कडेला, जोत्याच्या दगडांमध्ये मोकळ्या मातीचा ढीग दिसला की तिचं बीळ आहे समजा. इंग्रजीत तिला बँडिकूट म्हणतात. तो शब्द मुळात तेलुगूतल्या पंदिकोक्कूवरून गेला, अर्थ डुक्कर-उंदीर. तिला हे नाव शोभतं. शहाबादी फरशी एका कोपऱ्यात बसली, उंबऱ्याखालची माती खचली, तर बहुतेक वेळा खाली घुशीचं काम झालेलं असतं. वाईच्या आसपास ऊस आणि भात भरपूर. शेतात घुशी असतातच, आणि ऊसतोड सुरू झाली की कडेच्या वस्तीत त्यांची वर्दळ वाढते.

तिसरा पिटुकला उंदीर, कपाटात, पुस्तकांच्या मागे, पिठाच्या डब्याशेजारी राहणारा. लेंडी तांदळाच्या दाण्याएवढी किंवा त्याहून बारीक. हा स्वभावानं चौकस असल्यामुळे नव्या सापळ्याकडे लगेच येतो. काळा उंदीर आणि घूस मात्र नवी वस्तू दिसली की काही दिवस तिच्यापासून लांब राहतात. हा फरक पुढे कामाला येईल.

आणि चिचुंद्री. लांब नाक, उग्र वास, चुक् चुक् आवाज. ती उंदरांच्या जातीतली नाही, झुरळं आणि किडे खाते. तिला मारू नका.

कोणत्या वाटेनं येतात ते कळत नसेल तर रांगोळीचा उपयोग करा. झोपण्यापूर्वी भिंतीच्या कडेनं, मोरीपाशी, माळ्याच्या जिन्याच्या वरच्या पायरीवर रांगोळीचा पातळ थर चाळणीनं भुरभुरवायचा. सकाळी पावलं उमटलेली दिसतात आणि मधून शेपटीची रेघ गेलेली असते. आमच्या सासूबाईंनी ही युक्ती सांगितली तेव्हा तीन रात्रींत कळलं की आम्ही ज्या मोरीला दोष देत होतो तिथून कोणीच येत नव्हतं. सगळी ये-जा देवघरामागच्या कोनाड्यातून होती.

आता बुजवण्याचं काम. लहान उंदराला ६ मिलिमीटरचं भोक पुरतं, म्हणजे साधी पेन्सिल जाईल एवढं. मोठ्या उंदराला साधारण १२ ते १३ मिलिमीटर लागतं, करंगळी सहज आत जाईल तेवढं. म्हणून पेन्सिल हातात घ्यायची आणि घराभोवती एक फेरी, घरात एक फेरी मारायची. विजेच्या आणि पाण्याच्या नळ्या भिंतीतून जातात ती जागा, दार आणि उंबरा यांच्यातली फट, तुळई भिंतीत शिरते तिथली पोकळी, कौलांची खालची कड, मोरीचं तोंड. जिथं पेन्सिल गेली तिथं खडूनं खूण करायची. आमच्या घरात त्रेचाळीस खुणा झाल्या.

भोक दिसलं की लगेच बुजवू नका. आधी वर्तमानपत्राचा बोळा सैल कोंबून ठेवा. तीन दिवस तसाच राहिला तर भोक वापरात नाही, ते बुजवा. बोळा ओढून टाकला असेल तर आत कोणीतरी आहे. तिथं आधी सापळ्याचं काम, मग बुजवणं. नाहीतर आतला प्राणी भिंतीत मरतो, पिल्लं असली तर तीही मरतात, आणि तो वास पंधरा-वीस दिवस जात नाही. परसातल्या बिळांचं असंच. संध्याकाळी सगळी तोंडं मातीनं हलकी बुजवायची. सकाळी जी उघडलेली असतील ती जिवंत बिळं.

नुसती माती, कापड, लाकूड, थर्माकोल, फोम यांनी काही होत नाही. उंदराचे पुढचे दात आयुष्यभर वाढत राहतात, ते झिजवायला त्याला कुरतडावंच लागतं. लहान भोकात भांडी घासायची स्टीलची घासणी घट्ट कोंबावी. लोखंडी तारेची गंजून विरते, म्हणून स्टेनलेसच हवी. मोठ्या भोकात ६ मिलिमीटरपेक्षा बारीक विणीची जाड गॅल्वनाइज्ड जाळी वळी करून बसवायची आणि वरून चुना, वाळू, विटांची सुरखी (भुकटी) असा गिलावा. मातीच्या भिंतीला चुनाच लावा. सिमेंटचं काय होतं ते आमच्या माजघरानं दाखवलंय. दाराच्या खालच्या कडेला आतून पत्र्याची पट्टी ठोकली की लाकूड कुरतडता येत नाही. झरोके मात्र बंद करू नयेत. जुनं घर त्यांच्यावर श्वास घेतं, त्यांना जाळी लावावी.

मिस्त्री कामाचा भेटणं यात सगळ्यात महत्त्वाचं आहे. चुन्यात काम केलेले हात आता आमच्याकडे मोजकेच उरलेत. त्यांना आधी घर दाखवा, त्यांचं ऐका.

दोन जागा आधी घ्या, कारण तिथं जीव जाऊ शकतो. एक, गॅसची नळी. साधी रबरी नळी उंदीर कुरतडतात. आत तारेचं विणकाम असलेली केशरी सुरक्षा नळी मिळते, तीच वापरावी आणि पाच वर्षांनी बदलावी. दुसरी, माळ्यावरची वायरिंग. वरचं प्लास्टिक कुरतडलं की तारा उघड्या पडतात, आणि त्यांच्या भोवती शंभर वर्षं वाळलेलं लाकूड असतं. वायरी बंदिस्त लोखंडी नळीतून न्या.

अन्नाच्या बाबतीत जुनी माणसं आपल्यापेक्षा शहाणी होती असं मला मनापासून वाटतं. दुधातुपासाठी शिंकं, शिंक्याच्या दोरीत वर ओवलेली पत्र्याची किंवा करवंटीची चकती, जाळीचं फडताळ, जमिनीपासून उंच ठेवलेल्या कणग्या. दोरीवरून उतरणारा उंदीर चकतीपाशी अडतो. आता धान्याचं पोतं आपण भिंतीला टेकवून ठेवतो आणि पोत्यामागचा कोपरा वर्षभर दिसत नाही. पत्र्याच्या कोठ्या घ्या, भिंतीपासून वीतभर पुढे ठेवा. रात्री मांजराची वाटी, देवापुढचा नैवेद्य, खरकटं, पक्ष्यांसाठी टाकलेले दाणे, काहीही उघडं राहू देऊ नका. पाणीसुद्धा, कारण उन्हाळ्यात ठिबकणारा नळही त्यांना पुरतो.

याचं कारण साधं आहे. मादी साधारण तीन आठवड्यांत विते, एका वेळी सहा-सात पिल्लं, आणि दोन-तीन महिन्यांत तीही विण्याच्या वयाची होतात. निम्मे उंदीर मारले तर उरलेल्यांना दुप्पट अन्न आणि दुप्पट जागा मिळते. काही महिन्यांत संख्या पुन्हा होती तिथं येते. अन्न आणि जागा कमी झाली तरच ती खाली राहते.

सापळ्यांबद्दल आता. एक पिंजरा महिनाभर लावून ठेवण्यापेक्षा दहा-बारा चाप (स्प्रिंगचे सापळे) चार रात्री लावणं कितीतरी चांगलं. आधी तीन-चार रात्री चाप न ताणता नुसतं आमिष लावून ठेवायचं, म्हणजे काळ्या उंदराची भीती मोडते. मग एकाच रात्री सगळे ताणायचे. चाप भिंतीला काटकोनात, आमिषाची बाजू भिंतीकडे, कारण उंदीर भिंतीच्या कडेनंच चालतो. माळ्यावर तुळईला तारेनं बांधून ठेवावा. भाजलेल्या शेंगदाण्याचा कूट गुळात मळून, किंवा सुकटीचा तुकडा दोऱ्यानं बांधून, हे आमिष चांगलं. बांधलेलं असावं, नाहीतर अलगद काढून नेतात. हात लावताना हातमोजे घाला. मेलेल्या उंदराच्या अंगावरच्या पिसवा अंग गार पडलं की दुसरं शरीर शोधतात.

पिंजऱ्यात सापडलेला उंदीर पुलापलीकडे सोडून यायची आमच्याकडे पद्धत आहे. मला ती पटत नाही. पलीकडेही घरं आहेत, आणि अनोळखी जागेत सोडलेला उंदीर बहुधा हालात मरतो. चाप क्षणात संपवतो. चिकट कागद तर कधीच वापरू नका. प्राणी त्यावर तासन्तास, कधी दोन-दोन दिवस जिवंत तडफडतो. भारतीय जीवजंतू कल्याण मंडळानंही राज्यांना तो बंद करायला सांगितलं आहे. आवाजाची यंत्रं घेतलेल्यांना विचारून पाहा. तो आवाज भिंतीपलीकडे जात नाही आणि उंदरांना त्याची सवय होते.

विषाबद्दल मी जरा जास्त लिहिणार आहे, कारण दुकानात ते सहज मिळतं आणि घरात लहान मुलं असतात. काळी पूड मिळते ती झिंक फॉस्फाईड. पोटातल्या आम्लाशी तिचा फॉस्फिन वायू होतो. त्यावर उतारा नाही. उंदराला उलटी करता येत नाही म्हणून तो मरतो. पण थोडंसंच खाऊन एखादा वाचला तर पुन्हा त्या आमिषाला तोंड लावत नाही. पिवळ्या फॉस्फरसची पेस्ट घरात आणूच नका. चुकून पोटात गेली तर एक-दोन दिवस माणूस बरा वाटतो आणि मग यकृत निकामी होऊ लागतं. त्यावरही उतारा नाही. धान्यात किंवा बिळात टाकायच्या सल्फॉसच्या (ॲल्युमिनियम फॉस्फाईडच्या) गोळ्या राहत्या घराजवळ वापरणं म्हणजे जीव धोक्यात घालणं आहे. त्यांचा फॉस्फिन वायू बिळातून आणि मातीच्या भिंतीतून थेट झोपायच्या खोलीत येऊ शकतो.

ब्रोमॅडिओलोनच्या वड्या वेगळ्या पद्धतीनं काम करतात. शरीरात के जीवनसत्त्वाचा पुनर्वापर अडतो, रक्त गोठायचं थांबतं, आणि प्राणी चार-पाच दिवसांनी मरतो. उशीर लागत असल्यामुळे उंदराला वडीचा संशय येत नाही. माणसासाठी के-१ जीवनसत्त्वाचा उतारा आहे, हा त्यातल्या त्यात दिलासा. पण अर्धमेला उंदीर मांजर किंवा घुबड खातं, आणि विष पुढे जातं. म्हणून वापरायचंच तर परवानाधारक माणसाकडून, जमिनीला पक्क्या बसवलेल्या कुलपाच्या डबीत, आणि काम झालं की उरलेलं परत काढून. मुलानं कोणतंही विष खाल्ल्याचा नुसता संशय आला तरी उलटी काढायला न थांबता पाकीट हातात घेऊन दवाखाना गाठा.

घुबडाचं नाव आलंच आहे. जुन्या वाड्यांच्या माळ्यावर गव्हाणी घुबडाची जोडी राहते, पांढऱ्या, बदामाच्या आकाराच्या तोंडाची. अपशकुन म्हणून लोक त्यांची जागा बुजवतात. त्यांचं खाणं मुख्यतः उंदीर. परसातली धामणही बिनविषारी, तीही उंदीर खाते. ही दोघं घरात असतील तर त्यांना राहू द्या. मांजर असावं, पण घूस बघून ते बाजूला होतं हे मी कित्येकदा पाहिलंय.

पावसाळ्याचं प्रकरण वेगळं. धोम धरणातून पाणी सोडलं आणि कृष्णा घाटाच्या पायऱ्या चढू लागली की काठाच्या बिळांत पाणी भरतं आणि सगळे वर येतात. उंदीर चांगला पोहतो, पुरात तो बुडून जाईल हा भ्रम आहे. तो तुमच्या माळ्यावर येतो. म्हणून बुजवण्याचं सगळं काम एप्रिल-मे महिन्यांत, नदी खाली असताना. जूनमध्ये ओल्या भिंतीवर चुना बसत नाही.

पुराचं पाणी ओसरल्यावरचा चिखल हा खरा धोका. उंदरांच्या मूत्रपिंडात लेप्टोस्पायरा नावाचे जिवाणू असतात, ते लघवीतून बाहेर पडतात आणि ओलाव्यात, साचल्या पाण्यात टिकून राहतात. पायाला जखम असेल, भेगा असतील, तर तिथून शरीरात शिरतात. मुंबईत जुलै २००५ च्या पुरानंतर लेप्टोची मोठी साथ आली ती अशीच. साफसफाईला गमबूट आणि हातमोजे घालूनच उतरा. लेंड्या कोरड्या झाडू नका. ब्लीचिंगचं पाणी शिंपडून दहा मिनिटं थांबा, मग ओल्या फडक्यानं पुसा. चिखलात उतरल्यावर साधारण पाच ते चौदा दिवसांत ताप आला, पोटऱ्या ठणकू लागल्या, डोळे लाल झाले तर डॉक्टरांना "पुराच्या पाण्यात उतरलो होतो" हे पहिलं वाक्य सांगा. सुरुवातीला साध्या प्रतिजैविकानं बरा होणारा आजार उशिरानं मूत्रपिंड आणि यकृतावर जातो. पुरात काम करणाऱ्यांना डॉक्टर आधीच डॉक्सिसायक्लिन देऊ शकतात, विचारून घ्या.

आपल्याकडे "उंदीर पडायला लागले", म्हणजे मरून पडू लागले, हे शब्द एका काळी गाव सोडायची खूण होते. १८९६ मध्ये मुंबईत प्लेग आला, पुढच्या वर्षी पुण्यात, आणि रुग्णांची सेवा करताना सावित्रीबाई फुले १० मार्च १८९७ रोजी त्याच आजारानं गेल्या. हे फार जुनं वाटत असेल तर बीड जिल्ह्यातलं मामला गाव आठवा. १९९४ मध्ये तिथं प्लेग आढळला. सप्टेंबर १९९३ च्या किल्लारी भूकंपानंतर लोक घरं सोडून बाहेर राहिले, धान्य आत राहिलं, उंदीर वाढले, हे त्याचं एक कारण तेव्हा सांगितलं गेलं.

बंद घर आणि आत राहिलेलं धान्य. आमच्या आळीत हे चित्र भूकंपाशिवायच तयार झालंय. वारस पुण्या-मुंबईला, काही परदेशात, वाटणीचा निकाल नाही, दाराला कुलूप. सामाईक भिंतीच्या अलीकडे मी कितीही चुना लावला तरी पलीकडे कोणी बघत नाही. म्हणून या कामाचं खरं एकक आळी आहे. घाटावरचं निर्माल्य आणि पिंडाचा भात संध्याकाळपर्यंत उचलला जाणं, गटाराच्या तोंडाला जाळ्या असणं, कचऱ्याची गाडी चुकली तर पिशवी बाहेर न ठेवणं, आणि सगळ्यांनी चाप एकाच आठवड्यात लावणं. एकट्यानं केलं तर उंदीर चार दिवस शेजारी जाऊन परत येतात.

आमच्या शेजारच्या वाड्याचे काका पुण्याला असतात, वय झालंय. मी फोन करून म्हटलं, "काका, रागावू नका, पण एकदा आत जाऊन बघायला हवं." ते क्षणभर गप्प झाले आणि म्हणाले, "किल्ली पाठवतो. आईच्या खोलीतलं जपून काढ." किल्ली आली. मधल्या खोलीत फडताळाशेजारी ज्वारीचं पोतं होतं, तळाशी फाटलेलं आणि जवळजवळ रिकामं. पोत्यामागच्या भिंतीत मूठभर भोक होतं, आणि त्याची दुसरी बाजू आमच्या माजघरात उघडत होती. दोन्हीकडून जाळी घालून त्याच दिवशी ते बुजवलं. किल्ली परत द्यायला गेले तर काकांनी घेतली नाही, दर मे महिन्यात लागेल म्हणाले.